माडीवरची खोली

प्रिय सुन्या,

दसऱ्यापासून तुला फोन नाही, चुकलंच माझं. आईचे गुडघे आहेत तसेच, बाकी बरी आहे. पण आठवडाभर मला झोप नाही, आणि कारण तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

माडीवरच्या खोलीखालची भिंत पावसात फाटलीय. परवा भेगेत माझं बोट गेलं. स्लॅबच्या दिवशी तू म्हणाला होतास, "भिंत आजोबांच्या काळची, मातीत रचलेली. कॉलम घाला, नकाशा मंजूर करून घ्या." आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आमची माडी चढतीय ते तुला बघवत नाही." महिनाभर बोलला नाहीस. मग कुंदा घेऊन तूच आलास, निम्मा वाटेतच खाऊन! मर्दा, तुझंच खरं होतं.

ई-खात्यासाठी, म्हणजे महापालिकेतल्या घराच्या ऑनलाइन नोंदीसाठी, कागद काढले तर उताऱ्यावर नुसता तळमजला. घरपट्टीचा फॉर्म आपणच भरायचा असतो, त्यात बाबांनी माडी दाखवलीच नव्हती. दर एप्रिलात ५ टक्के सूट घेऊन पट्टी भरायचे, म्हणून मला वाटायचं आपलं सगळं चोख आहे. १९७६ च्या कर्नाटक महापालिका कायद्यात अशा बिनपरवाना बांधकामाला दुप्पट पट्टी आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. पाडायची नोटीस येऊ शकतेच. बाबांची सगळी भिस्त अक्रम-सक्रमवर होती, म्हणजे दंड भरून बेकायदा बांधकाम नियमित करून घ्यायच्या सरकारी योजनेवर. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. पुढे ताईच्या वाट्यासाठी घर विकावं लागलं, तर माडीचा खर्च नफ्यातून वजा करायला पावत्या हव्यात. गवंड्याला सगळे रोख दिलेले.

पैशाचं सोसेन रे. पण वर खानापूरकडची दोन पोरं भाड्यानं राहतात. रात्री त्यांची पावलं वाजली की मी उठून बसतो. काल त्यांना खोली सोडायला सांगितली, डिपॉझिट परत दिलं. आईला अजून सांगितलेलं नाही. बाबांनी पेन्शनीतून बांधलेली खोली, रोज संध्याकाळी ती तिथे दिवा लावते.

पट्टीच्या फॉर्मवर आता माडी दाखवणार आहे, काय व्हायचं ते होऊदे.

पुण्यात नव्या नोकरीचं जमलं का? वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

शनिवारी इंजिनिअर येतोय. काँक्रीट ओतायच्या आदल्या रात्री तू सळ्यांचे फोटो काढले होतेस, पुढे पुरावा म्हणून. असतील तर पाठव. आणि जमलं तर शुक्रवारीच ये. आईला सांगताना तू शेजारी हवास.

तुझा,
विन्या