ग्रीक अक्षरांमागचं हिब्रू वचन
महोदय,
अमेरिकी कॉलेजांतल्या ‘फ्रॅटर्निटी’, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटना, म्हटलं की आपल्याला पार्ट्या आणि रॅगिंगच आठवतं. त्यांतल्याच ‘झीटा बीटा टाउ’ची सुरुवात मात्र वेगळीच. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड गॉटहील यांच्या प्रेरणेने ज्यू विद्यार्थी एकत्र आले. इतर फ्रॅटर्निटी त्यांना दारात उभं करत नव्हत्या. नावाची तीन अक्षरं मुळात एका हिब्रू वचनाची आद्याक्षरं: ‘सियोनचा (जेरुसलेमचा) उद्धार न्यायाने होईल.’ ग्रीक रूप नंतरचं! पुढे १९५४ साली त्यांनी सर्वधर्मीयांना प्रवेश खुला केला. मला जास्त भावलं ते १९८९ चं पाऊल: नवख्यांना राबवून घेणारी ‘प्लेज’ ही उमेदवारीच त्यांनी मोडीत काढली. आमच्या हॉस्टेलात रात्री दोनला ‘इंट्रो’ द्यायला उठवत, ते आठवलं.
– एक वाचक, पुणे