मशीन मी चालवणार नाही, अण्णा

ती. आई आणि अण्णांस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की आई मधेच "जेवलीस का?" विचारते आणि अण्णा फोन काकांच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. अण्णा, ऑपरेशनच्या दिवशी तुमचं हार्ट-लंग मशीन मी चालवणार नाही. आमचे सर चालवतील. त्यांच्याशी बोलणं झालंय, ठरलंय.

तुम्ही ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताय, "मनी पोर शे ना तठे, मंग माले कसानं भ्याव?" काकूकडून कळलं. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू. पण सर्जनसुद्धा शक्यतो घरच्या माणसावर सुरी धरत नाहीत.

व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली झडप, बदलताना हृदय थांबवतात. तेवढा वेळ रक्त नळ्यांतून बाहेर येतं, ऑक्सिजन घेतं आणि परत अंगात जातं. प्लास्टिक लागलं की ते गोठू पाहतं. म्हणून आधी हेपॅरिन देतात आणि गोठायला लागणारा वेळ साधारण 480 सेकंदांच्या वर गेल्याशिवाय आम्ही मशीन सुरू करत नाही. पुढे रोलर नळी दाबत रक्त ढकलतो. इथे तुमच्या कापसाच्या जिनिंगमधलंच गणित. रोलर जास्त घट्ट बसला की सरकी फुटावी तशा तांबड्या पेशी फुटतात, आणि सैल सोडला तर रक्त मागे फिरतं. त्याहून नासधूस होते छातीत साचलेलं रक्त हवेसकट ओढून घेताना. सक्शन किती ठेवायचं ते त्या घडीला ठरवायचं असतं. फार पेशी फुटल्या की लघवीच्या पिशवीत लाली उतरते. दुसऱ्या कुणाची पिशवी असली की मी शांतपणे वेग बघते, सक्शन कमी करते. तुमची असेल तेव्हा माझं मन थाऱ्यावर राहील, याची हमी मी देऊ शकत नाही. सरांचं राहील.

आणि आई बाहेर एकटी बसणार. तिच्यापाशी कोण?

घाबरू नका हं. 1953 साली हे यंत्र माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं, आता आमच्याकडे हे रोजचंच काम. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट काही दिवस कमी होतील, छातीत ठेवलेल्या नळ्यांतून थोडं रक्त येईल, चेहरा सुजल्यासारखा दिसेल. एखाद-दोन दिवस तुम्ही असंबद्धही बोलाल कदाचित. आई, तेव्हा रडायचं नाही. प्लेटलेटचं आयुष्यच आठ-दहा दिवसांचं, नव्या येतात.

आता नीट ऐका. मशीनच्या नळ्या आधीच पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या असतात, लिटरभर तरी. तो रक्तात मिसळला की हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून आधीच ते चांगलं हवं. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, अण्णा. लिंबू पिळून पाण्याबरोबर घ्या. गुडघ्याच्या गोळ्या आणि वैद्यांचं ते चूर्ण, दोन्हींची नावं मला फोटो काढून पाठवा. काही गोळ्या रक्त पातळ करतात, कुठल्या कधी बंद करायच्या ते डॉक्टर सांगतील. मनाने एकही बंद करू नका. दुखरी दाढ अमळनेरलाच दाखवून या, कारण दातातला जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. आणि बिडी. मला माहीत आहे, गोठ्यामागे.

लहानपणी ताप आला की तुम्ही मला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायचात, मी झोपेपर्यंत. ऑपरेशननंतर मी तुम्हाला हात धरून वॉर्डात चालवणार आहे, कुरकुर चालणार नाही.

इथे पलंग खिडकीजवळ लावलाय, कमोड आहे, पंखा आवाज करत नाही. आई, कळण्याचं पीठ आण, इथे मिळत नाही. खाटेची मात्र काळजी नको, ती आणायची नाहीये.

मोठ्या बॅगा दादाकडे द्या, अण्णांनी काहीही उचलायचं नाही. दादाला तिकिटं दाखवायला सांगा, खालचेच बर्थ आहेत ना ते मला बघायचंय.

तुमची,
बेबी