सूचना : इंजिन बांधायला काढलेल्या सभासदांसाठी

नवतप्याआधी (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरचे इंजिन बांधणाऱ्यांनी कृपया लक्ष द्यावे.

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोरिंगला (सिलिंडर कातून मोठे करायला) देऊ नका. पद्मिनीचा मूळ बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी. पण बाजारातल्या ०.५० मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठ्या) पिस्टनांची मापे सेटागणिक थोडी हलतात. आधी पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, मग बोर ठरवा. प्रत्येक पिस्टन रिंग तिच्याच बोरमध्ये सरळ बसवून तोंडाची (दोन टोकांमधली) फट फीलर गेजने बघा : ०.२५ ते ०.३० मिमी. पाकिटातून काढून तशीच चढवली आणि फट कमी निघाली, तर गरम झाल्यावर टोके भिडतात आणि नवा बोर ओरबाडला जातो.

नवा कॅमशाफ्ट असल्यास लोब (कॅमचे उंचवटे) आणि टॅपेटला (त्यांवर टेकणारे भाग) असेंब्ली पेस्ट लावा, झिंक जास्त असलेले २०डब्ल्यू-५० ऑइल घाला, आणि पहिल्यांदा सुरू होताच इंजिन २० मिनिटे २००० आरपीएमच्या आसपास चालवा. आयडलिंगवर सोडू नका, तेव्हा लोबवर तेल कमी उडते. हे काम सकाळीच करा. नागपूरच्या दुपारी उभ्या गाडीचा रेडिएटर दम तोडतो.

पेट्रोल पाइप व पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारेच घ्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशनआधी बॅटरीचे अर्थिंग (कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते) तपासा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत चुकीचे मॉड्यूल लगेच जळते.