मण्यांवरची बोटं

महोदय,

आमची आई नुकतीच गेली. नव्वदी ओलांडली होती. लहानपणी तिने लॅटिनमधली मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) ऐकली; अर्थ कळत नसे, तरी सगळी तोंडपाठ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२-६५) मिस्सा मातृभाषेत आली, तेव्हा तिला रडू आवरेना, असं ती सांगायची. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे माळ जपताना मनन करायचे येशूच्या जीवनातले पाच प्रसंग, जोडली. तीही तिने सत्तरीत पाठ केली, नातवंडांना शेजारी बसवून. मुलं पेंगायची, पण ती कधी रागावली नाही.

शेवटच्या आठवड्यात आम्हाला ओळखत नव्हती. माळ हाती नसतानाही अंगठा चादरीच्या काठावरून एकेक मणी पुढे सरकवत होता.

– एक वाचक