बंद गाडीला पाच मिनिटांचा 'स्टार्ट' पुरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांकडे परदेशी दोन-अडीच महिन्यांसाठी जाणाऱ्या ज्येष्ठांच्या गाड्या ऐन पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात. निघताना किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा वॉचमनकडे देऊन सांगितले जाते, 'आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करून ठेवा.' सांगणाऱ्याचा हेतू चांगला आणि ऐकणाऱ्याचे कष्टही प्रामाणिक. पण त्याने गाडीचे भले होत नाही, म्हणून हे पत्र.

साधा हिशेब पाहा. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खातच असतात. ही गळती ३० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला पाऊण आणि आठवड्याला पाच अँपिअर-तास (बॅटरीत साठलेली वीज मोजायचे माप) होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे महिन्यात निम्म्याहून जास्त बॅटरी उतरते. जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम बसवलेला असेल तर त्याहून लवकर. आठवड्याची ही पाच अँपिअर-तासांची तूट पाच मिनिटांत भरायची तर बॅटरीत सतत ६० अँपिअर जायला हवेत. उभ्या गाडीत, इंजिन मंद चालत असताना, ते होत नाही. उलट इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी रस्त्यावर धावली तर ही वाफ बाहेर पडते. गार सायलेन्सरमध्ये मात्र तिचे पाणी होऊन ते तिथेच साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. ऑइलमध्येही ओल आणि न जळलेले पेट्रोल उतरते. शेजारी विश्वासाचे आणि परवानाधारक असतील तर त्यांनी दहा-पंधरा दिवसांतून एकदा गाडी सलग अर्धा तास रस्त्यावर फिरवावी. ते जमणार नसेल तर तिला हातच लावू नये.

मग बॅटरीचे काय? निघण्याच्या दिवशी वजा टर्मिनल काढून ठेवावे. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो आणि काम दोन मिनिटांचे आहे. नेहमी वजा (काळी वायर) आधी. अधिक टर्मिनल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. काढलेले टोक फडक्यात गुंडाळून बाजूला वळवावे, नाहीतर ताठ वायर परत जागेवर येऊन टेकते. त्याआधी डिकीतले सामान काढून घ्या, कारण अनेक गाड्यांची डिकी विजेवर उघडते. चालकाच्या दाराचे कुलूप साध्या किल्लीने लागते-उघडते याचीही खात्री करा. परत आल्यावर घड्याळ लावावे लागेल आणि काही गाड्यांत काचांचे ऑटो बटण पुन्हा सेट करावे लागेल, एवढाच त्रास. बॅटरी पूर्ण भरलेली असताना व्होल्टमीटर १२.६ दाखवतो. १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली. तशीच आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग चार्ज करूनही ती पहिल्यासारखी होत नाही.

दुसरी हमखास चूक हँडब्रेकची. धुतलेली किंवा पावसातून आणलेली गाडी हँडब्रेक ओढून महिनाभर उभी केली की मागच्या चाकांतले ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटतात. मग गाडी जागची हलत नाही आणि जोर लावला तर शूचे लायनिंग निघून येते. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर, आणि चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक मोकळा सोडावा. उतारावर मात्र हे करू नका. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा, म्हणजे एकाच जागी भार पडून तो चपटा होत नाही.

पेट्रोलची टाकी भरून ठेवा. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून टाकीत हवेला जागा कमी ठेवलेली बरी. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर ते जाण्याआधी बदला.

आता ओल आणि उंदीर. पायाखालच्या मॅट काढून घरात ठेवा. त्याखालचे कार्पेट हात दाबून पाहा, ओलसर लागले तर आधी वाळवा, नाहीतर महिन्याभरात सीट आणि स्टिअरिंगवर पांढरी बुरशी येते. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकणे सर्वांत वाईट. कव्हर हवा खेळेल असे कापडी हवे. समोरच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहराची पाने अडकून पाण्याची वाट बंद होते, ती हाताने साफ करा. एसीची हवा 'आतल्या आत' फिरण्यावर ठेवा, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप बंद राहते आणि त्या वाटेने उंदीर आत शिरत नाहीत. बिस्किटाचा चुराही गाडीत राहू देऊ नका. डांबरगोळ्या बोनेटखाली ठेवू नयेत, त्यांचा वास पुढे केबिनमध्ये येत राहतो.

सोसायट्यांच्या कमिट्यांना एक विनंती. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले, तशी वेळ कुठल्याही तळघरावर येऊ शकते. बाहेरगावी गेलेल्यांची गाडी, किल्ली कोणाकडे आहे आणि टर्मिनल काढले आहे का, याची यादी गेटवर असावी. पाणी चढण्याआधी गाडी वर काढता येते. एकदा इंजिनपर्यंत पाणी गेले की मात्र कोणीही स्टार्टर मारू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच न्यावी. विम्याची मुदतही जाण्याआधी तपासा. ती संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

परतल्यावर घाई नको. आधी बोनेट उघडून वायरी आणि एअर फिल्टरचा डबा पाहा. कुरतडलेला फोम किंवा लेंड्या दिसल्या तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. टायरची हवा पूर्ववत करा, वजा टर्मिनल घट्ट बसवा, किल्ली 'ऑन' करून दोन-तीन सेकंद थांबा आणि मग स्टार्टर मारा. पहिल्या काही ब्रेकना खरखर येते, ती डिस्कवरच्या गंजाची. दोन-चार किलोमीटर हळू चालवून हलके ब्रेक मारले की ती जाते. त्यानंतरही येत राहिली तर चाक उघडून पाहावे लागेल.

- एक वाचक, पुणे