दंत-अपघात निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पडून वा मार लागून दात तुटलेल्या दिव्यांग व निराधार मुलांसाठीचा आपल्या मंडळाचा दंतोपचार विभाग ज्यांच्यामुळे उभा राहिला, त्यांचे ऋण प्रथम नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. तपासणीची पहिली खुर्ची स्वतःच्या दवाखान्यातून काढून देणारे आपले ज्येष्ठ दंतवैद्य, नातवाच्या वाढदिवसाचा खर्च दर वर्षी न चुकता मुलांकडे वळवणाऱ्या आजी आणि फलकावर नाव लावू न देणारे ते दांपत्य, यांच्या आधारावरच आजवरचे सर्व उपचार विनामूल्य झाले, याचा मंडळाला अभिमान आहे.

फिट येऊन कोसळणारे किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतील दोषाने स्नायूंवर ताबा न राहणे) तोल जाणारे मूल पडताना हात टेकून स्वतःला सावरू शकत नाही. मार थेट तोंडावर बसतो, आणि वरचे दात पुढे आलेले असून ओठ त्यांना पुरते झाकत नसतील, तर पहिला घाव तेच झेलतात. ज्याला बोलता येत नाही ते मूल ठणका सांगू शकत नाही. ते जेवण सोडते, चिडते, आणि घरचेही त्याला हट्टी समजतात. निराधार मुलांच्या बाबतीत तर दात कसा तुटला हे विचारणारेही कोणी नसते, मग तो पडून तुटलेला असो वा मारहाणीने.

मुळासकट निखळलेला कायमचा दात मुळाला हात न लावता लगेच जागेवर बसवला, किंवा दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचवला, तर तो वाचण्याची आशा असते. (दुधाचा दात मात्र परत बसवू नये.) परंतु तोंड उघडून स्थिर बसणे ज्या मुलाला शक्य नाही, त्याला अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागते; भूलतज्ज्ञ, रुग्णालय आणि त्यानंतर वर्षभराच्या तपासण्या, हा सारा भार निधीवर पडतो, आणि निधी आता संपत आला आहे.

मागील आवाहनाला मोजक्याच घरांतून प्रतिसाद आला. ‘दातच तर आहे’ हे शब्द आपल्याच सभासदांकडून ऐकावे लागले, याचे कार्यकारिणीला दुःख झाले.

देणगी महिनाअखेरपर्यंत रोख, धनादेशाने अथवा मंडळाच्या खात्यात द्यावी. पावती कार्यालयात मिळेल. रात्री-अपरात्री वाहन काढू शकणाऱ्यांनी व तपासणीच्या वेळी मुलाजवळ बसू शकणाऱ्यांनीही तेथेच नाव नोंदवावे.

आपला नम्र,
चिटणीस