शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी दोन्ही मुलं गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. शाळा व्यवस्थापन समितीवर मी दोन वर्षांपासून काम करते. मुलांच्या खाण्याचा विषय बैठकीत निघाला की सगळे आईकडे बोट दाखवतात. डबा नीट देत नाही, लाड करते, हातावर पैसे ठेवते. पण मूल घरून भाकरी-भाजी खाऊन निघालं तरी पुढे ते काय खाणार आणि किती खेळणार, हे शाळेच्या फाटकाभोवतीच्या शंभर पावलांत ठरतं, असं मला रोज दिसतं.

फाटकासमोर दोन टपऱ्या आहेत. पाच-दहा रुपयांच्या खाऊच्या पुड्यांच्या माळा अगदी मुलांच्या हाताला येतील अशा टांगलेल्या असतात. लहान सुट्टीत पुडा संपतो आणि मोठ्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी अर्धी ताटात राहते. सहावी ते आठवीच्या मुलाला या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं शासनाचं प्रमाण आहे. त्यासाठी माणशी १५० ग्रॅम तांदूळ येतो, शिजतोही. स्वयंपाक करणाऱ्या ताई सांगतात, आठवडी बाजाराच्या दिवशी पोरांच्या खिशात पैसे असतात, त्या दिवशी पातेल्यात सगळ्यात जास्त उरतं.

टपरीवाल्या मावशींवर मला राग काढायचा नाही. मी त्यांना विचारलं, पेरू, फुटाणे, चिक्की का ठेवत नाही? त्या म्हणाल्या, "पुड्याची गाडी दारात येते, माल महिनोन्‌महिने टिकतो. पेरू दोन दिवसांत मऊ पडतो, मग तोटा कोण भरणार?" खरंच आहे. उजनीच्या काठावरची आमच्या तालुक्यातली केळी कंटेनर भरभरून आखाती देशांत जातात आणि शाळेच्या दारात पोराला एक केळं विकत मिळत नाही. हे बघून जीव तुटतो.

जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. मी तो बैठकीत वाचून दाखवला तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. १०० यार्डांतल्या तंबाखूबंदीची पाटी मात्र भिंतीवर रंगवलेली आहे, म्हणून ती पोरांनाही पाठ आहे. या दुसऱ्या नियमाची पाटी का नको?

खेळाची गत याहून वाईट. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान सांगितलेलं आहे आणि आमच्या शाळेला ते होतंही. आधी एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आली, मग रस्त्याच्या कामाची खडी पडली ती अजून उचललेली नाही. लग्नसराईत मांडव पडतो, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर उभे राहतात. उरलेल्या जागेत मोठी मुलं क्रिकेट खेळतात आणि मुली ओट्यावर बसून राहतात. माझी मुलगी वर्षभर ओट्यावरच बसली आहे. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या खेळाला २७ बाय १६ मीटर जागा, दोन खांब आणि चुना लागतो. महागडं काही लागत नाही, फक्त जागा मोकळी हवी आणि ती मुलींसाठी राखलेली हवी.

पूर्वी वस्तीवरची मुलं दीड किलोमीटर चालत यायची, तेवढाच व्यायाम व्हायचा. आता दिवाळीनंतर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर धावतात आणि साइडपट्टी उरलेलीच नाही, म्हणून मीही मुलांना गाडीवर सोडते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची रोज किमान ६० मिनिटं चांगली हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडीवरून शाळा, बाकावर दिवस, गाडीवरून घर. एवढ्यात साठ मिनिटं कुठून आणायची?

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. खडी उचलावी, मैदानावर मांडव आणि वाहनं बंद करावीत, रोज एक तास मुलींच्या खो-खोसाठी ठेवावा. मावशींना रोजगार तोडायला सांगणार नाही. बचत गटाने शेंगदाण्याची चिक्की आणि फळं पुरवायची, न खपलेला माल गटाने परत घ्यायचा, एवढी सोय झाली तर माळा उतरवायला त्या तयार आहेत. तसं त्यांनी मला सांगितलं आहे. साइडपट्टीचं काम मात्र ग्रामपंचायतीच्या हातात नाही, ते बांधकाम विभागाने करायचं आहे.

ज्या गावांनी शाळेसमोरच्या टपऱ्यांचा किंवा मैदानाचा प्रश्न सोडवला आहे, त्यांनी तो कसा सोडवला हे आपल्या वृत्तपत्राकडे कळवावं आणि आपण ते छापावं, ही विनंती. ग्रामसभेत वाचून दाखवायला मला त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक पालक, ता. करमाळा, जि. सोलापूर